प्रदर्शनाला यंत्र पाठवताय? पेटी बंद करण्याआधी एवढे वाचा

ऊर्जा उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात जागा मिळाली, की सगळे जण स्टॉलच्या सजावटीला लागतात. आमचे काम मात्र मालाचे आहे. तुमचा पंप, व्हॉल्व्ह किंवा इन्व्हर्टर तिथे न्यायचा आणि प्रदर्शन आटोपले की परत आणायचा. कस्टमचा सगळा रस या परत येण्यातच असतो.

दाखवून परत आणायचा माल आम्ही शक्यतो एटीए कार्नेवर पाठवतो. कार्ने म्हणजे मालाचा पासपोर्टच म्हणा; तो असला, की परत जाणाऱ्या मालावर परदेशात आयात शुल्क भरावे लागत नाही. १९६१ च्या ब्रुसेल्स करारातून ही पद्धत आली. आपल्या देशातल्या नेमलेल्या वाणिज्य संस्थेकडे तारण ठेवून तो काढायचा. मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. पिवळी पाने मायदेशातून निघताना आणि परतताना, पांढरी परदेशात शिरताना आणि तिथून निघताना, तर निळी वाटेतल्या देशांसाठी. किती पाने लागतील हे आधीच ठरवावे लागते, म्हणून पुढचा बेत आम्हाला आत्ताच सांगा. समजा, जर्मनीतल्या म्युनिकचे इंटरसोलर हे सौरऊर्जा प्रदर्शन उरकून तेच यंत्र नॉर्वेतल्या स्टॅव्हॅन्गरच्या ओएनएस या ऊर्जा प्रदर्शनाला न्यायचे आहे. युरोपीय संघ कस्टमच्या हिशेबी एकच घर आहे, पण नॉर्वे त्या घरात नाही. तिथे पांढऱ्या पानांची वेगळी जोडी लागते.

प्रत्येक टप्प्यावर शिक्का हवाच. चुकतो तो बहुधा परतीचा, कारण शेवटच्या दिवशी सगळे थकलेले असतात आणि ट्रक दारात उभा असतो. तो शिक्का नसला, तर माल तिथेच विकला असे धरून शुल्काची मागणी येऊ शकते.

वाटायची पत्रके, पेन, भेटवस्तू कार्नेवर चालत नाहीत, कारण त्या परत येणार नसतात. आमच्या एका ग्राहकाने भर प्रदर्शनात खूश होऊन कार्नेच्या यादीतला दाबमापक पाहुण्याला भेट दिला. दिलदारपणा छान होता, पण शुल्क भरायची वेळ आली तेव्हा कुणीच हसले नाही. वाटायच्या वस्तूंची पेटी वेगळी आणि तिचे बिलही वेगळे ठेवा.

सौरऊर्जा आणि साठवणुकीतल्या ग्राहकांनी आता जरा नीट वाचावे. यंत्राशिवाय सुटी पाठवलेली लिथियम-आयन बॅटरी धोकादायक मालाच्या यूएन ३४८० या क्रमांकाखाली येते. एप्रिल २०१६ पासून ती प्रवासी विमानातून माल म्हणून जात नाही. मालवाहू विमानातही तिचे चार्जिंग ३० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. शिवाय यूएन ३८.३ या बॅटरीच्या सुरक्षा चाचणीचा गोषवारा तयार ठेवावा लागतो. जोडणी केलेला नवा नमुना असेल आणि चाचणीच झाली नसेल, तर आतून रिकामी प्रतिकृती पाठवा. पाहणाऱ्याला बाहेरून फरक कळत नाही. खरी बॅटरी न्यायचीच असेल तर चाचणी आणि समुद्रमार्ग दोन्हीसाठी वेळ हाताशी ठेवा.

लाकडी पेटीला आयएसपीएम १५ चा, म्हणजे लाकडातून कीड पसरू नये यासाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमाचा, शिक्का लागतो. लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला किमान ३० मिनिटे तापवले, की त्यावर एचटी (हीट ट्रीटमेंट) अशी खूण उमटते. प्लायवुडला ही अट नाही, म्हणून आम्ही प्लायवुडच सुचवतो.

गिअरबॉक्समधले तेल काढून टाका, टाक्या कोरड्या करा.

यंत्र चालू करून दाखवणार असाल तर तिथल्या विजेची चौकशी करा. अबूधाबीच्या अॅडिपेक या ऊर्जा प्रदर्शनाला ५० हर्ट्झ वारंवारतेची वीज मिळते. ह्यूस्टनला, जिथे १९६९ पासून ऑफशोअर टेक्नॉलॉजी कॉन्फरन्स भरते, ६० हर्ट्झ. पन्नासची साधी मोटर साठावर २० टक्के जास्त वेगाने फिरते आणि तिच्यावरच्या सेंट्रिफ्यूगल पंपाला जवळपास पावणेदोनपट शक्ती लागते. मोटर तापून बंद पडते, तीही नेमकी पाहुणे समोर असताना.

मालाची यादी पाठवताना प्रत्येक यंत्रावरच्या अनुक्रमांकाच्या पट्टीचा फोटो जोडा. हाताने लिहिलेल्या यादीत शून्य आणि ओ यांची गल्लत होते, आणि कस्टमचा अधिकारी पट्टीवरचे अक्षर न् अक्षर ताडून बघतो.