शाळेतील ‘फॉरेन्सिक’ची पार्श्वभूमी: सोमल, पंचांग आणि ठाण्याची खाडी

ठाणे आणि नवी मुंबईतील शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत आणि सुट्टीतील शिबिरांत अलीकडे न्यायसहायक विज्ञान, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले फॉरेन्सिक, दिसू लागले आहे. वर्गाचा एक कोपरा पिवळ्या पट्टीने अडवायचा, तिथे पेला, फाटकी चिठ्ठी, बुटाचा ठसा असे काही मांडून ठेवायचे आणि आठवी ते दहावीच्या मुलांनी त्यावरून ‘चोर’ शोधायचा, असे त्याचे सर्वसाधारण रूप असते. हे सारे दूरचित्रवाणीवरून आले, असे अनेकांना वाटते. ते अर्धेच खरे आहे. मुले हाताळतात त्यांपैकी काही पद्धती आपल्याच देशात घडल्या, आणि त्या घडत असतानाच पुराव्यावरून नेमके किती सिद्ध होते, हा वादही इथेच झाला.

सुरुवात विषापासून झाली. सोमल, म्हणजे आर्सेनिकचे विष, रंगहीन, जवळजवळ बेचव आणि बाजारात सहज मिळणारा. त्यामुळे विषप्रयोगाचा संशय आला तरी तो सिद्ध करणे फार कठीण जाई. जेम्स मार्श या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने 1836 साली जाहीर केलेल्या चाचणीत संशयित पदार्थातील सोमलाचे वायूत रूपांतर करून तो तापवला की काचेवर काळसर, चकचकीत थर बसतो. (हा वायू जीवघेणा असल्यामुळे शाळेत ही चाचणी सांगावी, करून दाखवू नये.) त्यानंतरच्या तीन-चार दशकांत आपल्याकडे सरकारी रासायनिक परीक्षकांच्या प्रयोगशाळा मद्रासला 1849, कलकत्त्याला 1853, आग्र्याला 1864 आणि मुंबईला 1870 साली सुरू झाल्या.

मुंबईच्या रासायनिक विश्लेषकासमोर आलेले एक प्रकरण मराठी वाचकाला परके नाही. 9 नोव्हेंबर 1874 रोजी बडोद्याचे रेसिडेंट, म्हणजे दरबारातील इंग्रज सरकारचे प्रतिनिधी, कर्नल फेअर यांनी नेहमीप्रमाणे पपनसाच्या रसाचे सरबत घेतले, दोनचार घोटांतच त्यांना शंका आली आणि उरलेले त्यांनी फेकून दिले. पेल्याच्या तळाशी राहिलेला गाळ रेसिडेन्सीचे डॉक्टर सिवर्ड यांनी तपासला आणि पुढे तो मुंबईला डॉ. ग्रे यांच्याकडे गेला. त्यात सोमल निघाला, हिऱ्याची पूड असल्याचाही संशय व्यक्त झाला आणि बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांच्यावर विषप्रयोग करवल्याचा आरोप ठेवून चौकशी आयोग नेमण्यात आला. आयोगाच्या सहा सदस्यांपैकी तिघा इंग्रजांना आरोप सिद्ध झाला असे वाटले. शिंदे महाराज, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव या तिघांना तसे वाटले नाही. मल्हाररावांना एप्रिल 1875 मध्ये पदच्युत करण्यात आले, ते मात्र राज्यकारभारातील गैरव्यवस्थेचे कारण पुढे करून. पेल्यात काय होते हे रसायनशास्त्राने सांगितले, ते कोणाच्या सांगण्यावरून तिथे गेले हे त्याला सांगता येणे शक्यच नव्हते. शाळेत फॉरेन्सिक शिकवायचे असेल, तर माझ्या मते सुरुवात इथून करावी.

बोटांच्या ठशांची हकीगत बंगालमधली. जंगीपूर येथील इंग्रज अधिकारी विल्यम हर्शेल यांनी 1858 साली राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या तळहाताचा ठसा करारावर घेतला. त्यामागे शास्त्रापेक्षा करार मोडू नये यासाठीची धाकदपटशाच अधिक होती. खरा पेच पुढचा होता. हजारो कैद्यांच्या ठशांच्या पत्रिका जमल्यावर त्यांतून हवी ती शोधायची कशी? बंगालचे पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांच्या हाताखालील अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी ठशांचे गणिती वर्गीकरण करून तो सोडवला, आणि 1897 साली कलकत्त्यात ठसे विभाग सुरू झाला. पद्धतीला नाव मात्र साहेबाचे लागले.

हे गणित नववीच्या मुलाला सहज जमते. उजव्या अंगठ्यापासून उजव्या करंगळीपर्यंत 1 ते 5 आणि डाव्या अंगठ्यापासून डाव्या करंगळीपर्यंत 6 ते 10 असे क्रमांक द्यायचे. पहिल्या जोडीत (क्रमांक 1 आणि 2) चक्र असेल तर प्रत्येक चक्राला 16 गुण, पुढच्या जोड्यांना क्रमाने 8, 4, 2 आणि 1. शंख किंवा कमान असेल तर शून्य. सम क्रमांकाच्या बोटांची बेरीज अधिक 1 हा अंश, विषम क्रमांकाच्या बोटांची बेरीज अधिक 1 हा छेद. एखाद्या मुलीच्या फक्त दोन्ही अंगठ्यांवर चक्रे असतील, तर तिचा अपूर्णांक 5/17 येतो. असे एकूण 32 गुणिले 32, म्हणजे 1024 गट पडतात. वर्गातील सगळ्यांचे अपूर्णांक फळ्यावर मांडले की काही जणांचे सारखे येतात, आणि गट जुळणे म्हणजे माणूस जुळणे नव्हे, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. शाईने घेतलेले ठसे तास संपल्यावर फाडून टाकावेत. आधारच्या काळात एवढी काळजी घेतलीच पाहिजे.

या विभागाचे पहिले गाजलेले प्रकरणही बडोद्याच्याच वळणावर गेले. जलपाईगुडीतील एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला, घरातील बंगाली पंचांगावर रक्ताळलेल्या अंगठ्याचा ठसा मिळाला आणि तो चोरीसाठी पूर्वी शिक्षा झालेल्या त्याच्या जुन्या नोकराच्या ठशाशी जुळला. न्यायालयाने 1898 साली त्याला चोरीबद्दल दोषी धरले, खुनाबद्दल संशयाचा फायदा दिला.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगता येतो. एडमंड लोकार यांनी 1910 साली फ्रान्समधील लियाँ येथे पोलीस प्रयोगशाळा काढली. 1984 साली अ‍ॅलेक जेफ्रीज यांना लेस्टरमध्ये डी.एन.ए. फिंगरप्रिंटिंगची पद्धत सापडली. काही वर्षांतच हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणवीय जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत लालजी सिंह यांनी ती भारतात आणली. आपल्याकडे 1998 पासून ‘सीआयडी’ या मालिकेतील न्यायसहायक तज्ज्ञ डॉ. साळुंखे घराघरांत पोहोचले, अमेरिकेत 2000 पासून ‘सीएसआय’ने तेच केले, आणि तिथल्या माध्यमिक शाळांनी या आकर्षणाचा उपयोग रसायनशास्त्र आणि जीवशास्त्राकडे मुले वळवण्यासाठी करून घेतला. त्याच अमेरिकेत 2004 साली एफबीआय या केंद्रीय तपास यंत्रणेने माद्रिदच्या रेल्वे स्फोटांतील एक ठसा ओरेगॉनमधील निरपराध वकिलाचा ठरवला, आणि 2009 साली तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या अहवालाने दातांच्या खुणांसारख्या अनेक पद्धतींचा शास्त्रीय पाया कच्चा असल्याचे नोंदवले. मालिकांत हे सहसा येत नाही.

ठाण्यापुरते बोलायचे, तर करून पाहण्याची परंपरा इथे आधीपासून आहे. वाशीचा पूल ओलांडला की मानखुर्दला 1974 साली स्थापन झालेले होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, आणि सहावी व नववीसाठीच्या बालवैज्ञानिक स्पर्धेमुळे प्रात्यक्षिक परीक्षा अनेक घरांना परिचित आहे. फॉरेन्सिकसाठी तर या शहराकडे उत्तम सामग्री आहे. पाण्यात सापडलेला माणूस बुडून मेला की आधीच मेलेला होता, हे ठरवताना अस्थिमज्जेत डायटम शोधतात. डायटम म्हणजे सिलिकाचे कवच असलेली सूक्ष्म शैवाले. जिवंतपणी पाणी फुप्फुसात गेले तर ती रक्तावाटे मज्जेपर्यंत पोहोचतात. तलावपाळीचे गोडे पाणी आणि खाडीचे मचूळ पाणी यांतील डायटमच्या जाती वेगवेगळ्या असतात, आणि होडीसारखे लांबट किंवा चकतीसारखे गोल आकार शाळेच्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसतात. बुडून न मेलेल्यांच्या शरीरातही कधीकधी डायटम सापडतात, त्यामुळे या चाचणीवर तज्ज्ञांत मतभेद आहेत, हेही त्याच तासाला सांगावे.

सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे. राज्यांना ती टप्प्याटप्प्याने अमलात आणायची आहे, म्हणजे मुंबईतील कलिन्यासारख्या न्यायसहायक प्रयोगशाळांना माणसे लागणार. तिथल्या कामाचा मोठा भाग मोहोरबंद पाकिटे, नोंदवह्या आणि सह्या यांचा असतो, आणि शाळेच्या उपक्रमांत बहुधा नेमका तोच गाळला जातो. खाडीच्या पाण्याच्या बाटलीवर ठिकाण, तारीख, वेळ आणि नमुना घेणाऱ्याची सही असलेली चिठ्ठी लावायला, आणि ती बाटली दुसऱ्या गटाकडे देताना पुन्हा सही घ्यायला फार तर पाच मिनिटे लागतात.