माइक कुठे लपवलाय?

मागे मावशीला घेऊन लंडनला गेले होते, तेव्हा एका जुन्या चर्चमध्ये दुपारी एक वाजता तरुण गायकांचं गाणं ऐकलं. संगीत महाविद्यालयात शिकणारी विशीतली चार मुलं होती. अर्धा कार्यक्रम आरियांचा, म्हणजे ऑपेरातल्या एकट्यानं गायच्या पदांचा. उरलेला अर्धा कवितांना लावलेल्या चालींचा, नुसत्या पियानोबरोबर. आम्ही उशिरा पोचलो, म्हणून सगळ्यात मागचं बाक मिळालं, तेही खांबाआड. तिसरी मुलगी उभी राहिली. अगदी बारीक अंगकाठी, हात पियानोच्या कडेवर नुसता टेकवलेला. तिनं स्वर लावला आणि मावशी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "माइक कुठे लपवलाय गं?"

माइक नव्हता. पण मावशीचा प्रश्न रास्त होता. ती गिरगावात वाढलेली. घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर रॉयल ऑपेरा हाउस, १९११ साली उद्घाटन झालेलं. त्याच रंगमंचावर पुढे बालगंधर्व आणि दीनानाथ मंगेशकर गायले. माइक नसलेल्या काळात आपले गायक नट उंच पट्टीत गात, हे तिनं वडिलांकडून ऐकलेलं होतं. पण त्यांच्या साथीला ऑर्गन, तबला आणि फार तर सारंगी. ऑपेरात समोर साठ-सत्तर वादक असतात, त्यात पितळी तुताऱ्या आणि नगारेही. त्यांच्यावरून एका माणसाचा गळा दोन हजार लोकांपर्यंत पोचतो कसा?

बहुतेकांचं उत्तर असतं की ते मोठ्यानं ओरडतात. हे खरं नाही. ऑर्केस्ट्राशी ताकदीची कुस्ती खेळली तर कोणताही गळा हरेल, आणि आठवड्याभरात बसेलही. खरी गोष्ट निराळी आहे, आणि मला विचाराल तर शरीरविज्ञान आणि भौतिकशास्त्र यांची इतकी सुंदर गाठ दुसरीकडे क्वचितच दिसते.

स्टॉकहोमच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या योहान सुंडबर्ग यांनी १९७०च्या दशकात हे कोडं उलगडलं. त्यांनी ऑर्केस्ट्राच्या आवाजाची फोड करून पाहिली, कोणत्या वारंवारतेला किती ऊर्जा आहे याची. सगळ्यात जास्त जोर साधारण ४५० ते ५०० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांच्या, आसपास निघाला. तिथून वर जाताना आवाज झपाट्यानं उतरतो, आणि ३००० हर्ट्झपाशी पोचेपर्यंत ऊर्जा शंभराव्या हिश्श्याच्याही खाली जाते. गंमत म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्याचा आलेखही जवळजवळ असाच दिसतो. म्हणूनच ऑर्केस्ट्रा वाजत असताना बोललेलं कुणाला कळत नाही: दोघांचा जोर एकाच जागी असतो. ऑपेरा गायकाच्या, विशेषतः पुरुष गायकाच्या आलेखात मात्र २५०० ते ३००० हर्ट्झच्या दरम्यान एक ठळक उंचवटा असतो. जिथे ऑर्केस्ट्राची शिबंदी विरळ आहे, नेमक्या त्या जागी गायक उभा असतो. या उंचवट्याला 'गायकाचा फॉर्मंट' म्हणतात.

हा उंचवटा येतो कुठून, ते समजायला आधी तंबोऱ्यापाशी जाऊ. खर्जाची तार नीट जुळली की तिच्यातून गंधार ऐकू येतो, हे गाणं शिकणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. गंधाराची तार तर तंबोऱ्याला नसते! तार समजा सेकंदाला १०० वेळा कंप पावते आहे. त्याच वेळी ती २००, ३००, ४००, ५०० अशा पटींतही कंप पावत असते. ३०० म्हणजे पंचम, ५०० म्हणजे तो स्वयंभू गंधार. जवारीमुळे, म्हणजे घोडीवर तारेखाली सरकवलेल्या दोऱ्यामुळे, हे वरचे उपस्वर खुलतात. सी. व्ही. रामन यांनीही तंबोऱ्याच्या या गुणाचा अभ्यास केला होता. आपल्या स्वरतंतूंचंही असंच असतं. गायक एकच स्वर लावतो, पण स्वरतंतूंपाशी उपस्वरांचा अख्खा जिना तयार होतो. त्यातल्या कोणत्या पायऱ्या उजळायच्या आणि कोणत्या अंधारात ठेवायच्या, हे स्वरतंतूंच्या वरची पोकळी ठरवते: घसा, तोंड, जीभ, ओठ.

हे स्वतः करून बघता येतं. कुजबुजत 'आ', मग 'ई', मग 'ऊ' म्हणा. कुजबुजताना स्वरतंतू कंप पावत नाहीत, तरी तिन्ही स्वर वेगळे कळतात. म्हणजे 'आ'चं 'आ'पण स्वरतंतूंत नाही, पोकळीच्या आकारात आहे. नळाखाली बाटली भरताना आवाज चढत जातो, तेही याच कारणानं: हवेची पोकळी आखूड होते, तशी तिची अनुनादाची, म्हणजे आपसूक घुमण्याची, वारंवारता वाढते.

आता थोडं गणित, कारण त्याशिवाय पुढची मजा कळणार नाही. एका टोकाला बंद आणि दुसऱ्या टोकाला उघड्या नळीचा पहिला अनुनाद काढायचा, तर ध्वनीच्या वेगाला नळीच्या लांबीच्या चौपटीनं भागायचं. पुरुषाची स्वरतंतूंपासून ओठांपर्यंतची नळी साधारण १७ सेंटिमीटर. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. उत्तर येतं ५०० हर्ट्झ. त्याच्या विषम पटी म्हणजे १५००, २५००, ३५०० हे पुढचे अनुनाद. यांनाच फॉर्मंट म्हणतात. जीभ आणि जबडा हलवून आपण पहिले दोन मागेपुढे सरकवतो आणि त्यांतून 'आ', 'ई', 'ऊ' घडतात. तिसरा, चौथा, पाचवा बोलताना आपापल्या जागी विखुरलेले असतात, आवाजाला व्यक्तीचा पोत देत.

गायकाची किमया या तिघांत आहे. स्वरतंतूंच्या लगेच वर एक छोटीशी अरुंद नळी असते, जेमतेम तीन सेंटिमीटरची, स्वरयंत्राचं जणू नरसाळं. ती वर घशाच्या रुंद पोकळीत उघडते. बोलताना या नळीला स्वतंत्र अस्तित्व नसतं, मोठ्या नळीचाच ती एक तुकडा असते. पण स्वरयंत्र खाली उतरवलं की घशाचा तळ फुगतो. नळीच्या तोंडापेक्षा तिथल्या घशाचं क्षेत्रफळ सहापटीहून जास्त झालं, की सुंडबर्ग यांच्या हिशेबानं ही छोटी नळी बाकीच्या घशापासून ध्वनीच्या दृष्टीनं 'सुटी' होते आणि स्वतःच्या सुरात घुमू लागते. लांबी ३ सेंटिमीटर धरून तेच सूत्र लावा: ३४० भागिले ०.१२, म्हणजे २८०० हर्ट्झ आणि वर थोडे. तिसरा, चौथा, पाचवा फॉर्मंट या जागेभोवती दाटीवाटीनं गोळा होतात, एकमेकांना उचलून धरतात, आणि त्या पट्ट्यातले उपस्वर लखलखतात. यासाठी स्वरतंतूंवर वेगळा जोर द्यावा लागत नाही. ऊर्जा तीच, तिची मांडणी बदलली.

स्वरयंत्र खाली कसं उतरवायचं? जांभई यायला लागते त्या क्षणी गळ्यावर दोन बोटं ठेवून बघा, कंठमणी खाली जातो. शिक्षक विद्यार्थ्याला म्हणतात, जांभईची सुरुवात धरून ठेव. ऐकायला सोपं आहे. 'ई'पासून 'ऊ'पर्यंत प्रत्येक स्वरात, प्रत्येक सप्तकात, घसा न आवळता ते धरून ठेवायला वर्षं लागतात.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. आपल्या कानाची बाहेरून पडद्यापर्यंतची नळी अडीच सेंटिमीटरची असते. एका टोकाला पडदा, दुसरं उघडं. सूत्र तेच. उत्तर ३४०० हर्ट्झच्या आसपास, आणि प्रत्यक्षातही माणसाचा कान २००० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यातच सर्वांत तिखट असतो. गाणाऱ्याच्या घशात एक छोटी नळी, ऐकणाऱ्याच्या कानात जवळपास तेवढीच दुसरी. मध्ये सत्तर वादक आणि अख्खं सभागृह. तरी त्या दोन नळ्या एकमेकींना ओळखतात.

शिवाय उंच वारंवारतेचा ध्वनी तोंडासमोर जास्त जातो, खालचा ध्वनी सगळीकडे पसरतो. म्हणून हा उंचवटा श्रोत्यांच्या दिशेनं नेमका जातो, आणि गायक पाठ फिरवून गाऊ लागला की त्याचा आवाज लगेच मंदावतो. समूहगानात मात्र हीच धार नको असते, तिथे एकट्याचा आवाज वेगळा निघून चालत नाही. तेच गायक समूहात गाताना हा उंचवटा कमी करतात, हे मोजून पाहिलेलं आहे.

एवढं सगळं मी मावशीला कार्यक्रमानंतर बाकावरच सांगितलं. ती म्हणाली, "पण त्या मुलीचे वरच्या सुरातले शब्द काही कळले नाहीत मला." इटालियन असल्यामुळे नव्हे. इटालियन माणसालाही ते कळले नसते.

कारण सोप्रानो, म्हणजे सर्वांत उंच पट्टीतल्या गायिका, निराळ्या वाटेनं जातात. स्वर १००० हर्ट्झचा असेल, तर उपस्वर १०००, २०००, ३००० असे लांब लांब पायऱ्यांवर पडतात. २८००च्या उंचवट्यावर नेमकी पायरी पडेलच असं नाही, मग तो उंचवटा असून काय उपयोग? त्यात आणखी एक अडचण. 'ई'चा पहिला फॉर्मंट ३०० हर्ट्झच्या जवळ असतो. गायिका ८८० हर्ट्झवर 'ई' म्हणू गेली, तर त्या फॉर्मंटपाशी उजळायला काही उरतच नाही आणि आवाज पोकळ पडतो. यावर तोडगा म्हणजे स्वर चढेल तसा जबडा उघडत जायचा. जबडा उघडला की पहिला फॉर्मंट वर सरकतो आणि गायल्या जाणाऱ्या स्वराला जाऊन मिळतो. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या संशोधकांनी गायिका गात असतानाच त्यांच्या ओठांपाशी बारीक नळीतून वेगळा ध्वनी सोडला आणि पोकळीचा अनुनाद थेट मोजला. २००४ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात ते निष्कर्ष आले: फॉर्मंट खरोखर स्वराच्या पावलावर पाऊल टाकत चढतो. पण याची किंमत शब्दांना मोजावी लागते. फॉर्मंट स्वराला बांधला गेला की 'ई', 'ऊ', 'ए' सगळे 'आ'कडे झुकतात. मोत्सार्टच्या १७९१च्या 'मॅजिक फ्लूट' या ऑपेरातली रात्रीची राणी जवळजवळ १४०० हर्ट्झपर्यंत जाते, तिथे तर शब्द उरतच नाहीत. १९८३ साली टोरोंटोच्या कॅनेडियन ऑपेरा कंपनीनं रंगमंचाच्या वर भाषांतराच्या ओळी दाखवायला सुरुवात केली आणि ती प्रथा जगभर पसरली.

आपल्याकडे आवाजाबद्दल जे काही विकलं आणि सांगितलं जातं, त्याविषयी इथे बोललंच पाहिजे. ज्येष्ठमध, खडीसाखर, कच्चं अंडं यांनी स्वरतंतू 'वंगणले' जातात, असं मानलं जातं. गिळलेला घास अन्ननलिकेत जातो, स्वरतंतू श्वासनलिकेच्या तोंडाशी आहेत. तिथे मधाचा थेंब पोचला तर ठसका लागेल, गाणं नव्हे. घशाला बरं वाटतं, ते ठीक आहे. वाफ मात्र श्वासाबरोबर तिथपर्यंत जाते, आणि भरपूर पाणी पिण्याचा उपयोग शरीरभर होतो तसा तिथेही होतो. 'नाभीतून आवाज काढा' ही उपमा शिकवताना कामाची आहे, कारण पोटाचे स्नायू श्वास सावरतात. पण नाभीत आवाज तयार होत नाही, आणि तीस दिवसांत आवाज 'उघडून' देणाऱ्या जाहिरातींमागे शास्त्र नाही.

खरं शास्त्र एका गायन शिक्षकाच्या हट्टातून सुरू झालं. मानुएल गार्सिया यांनी १८५४ साली दंतवैद्याचा लांब दांड्याचा छोटा आरसा गरम करून स्वतःच्या घशात धरला, हातातल्या दुसऱ्या आरशानं त्यावर ऊन पाडलं, आणि स्वतःचे स्वरतंतू हलताना पाहिले. आरसा गरम कशासाठी? श्वासाची वाफ धरू नये म्हणून. त्याआधी, १८४१मध्ये, विशीच्या उंबरठ्यावरची स्वीडिश गायिका येनी लिंड थकलेला, बिघडलेला आवाज घेऊन पॅरिसला त्यांच्याकडे आली होती. त्यांनी तिला आधी काही आठवडे गाणं बंद ठेवायला लावलं आणि मग पायापासून शिकवलं. पुढे ती युरोपभर गाजली. गार्सिया स्वतः १०१ वर्षं जगले.

येनी लिंडची ही गोष्ट मला त्या चार मुलांकडे बघताना आठवत होती. विशीत गळा अजून पक्का होत असतो, म्हणून जाणते शिक्षक या वयात अवजड भूमिका देत नाहीत. म्हणून अशा कार्यक्रमांत आरियांच्या जोडीला पियानोवरची गाणी असतात. तिथे ऑर्केस्ट्रा नाही, तेव्हा घशातली ती छोटी नळी सतत घुमवायची गरज नाही, आणि शब्दांना जागा मिळते. ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. १९८९च्या कार्डिफच्या जागतिक गायनस्पर्धेत सैबेरियाचा दिमित्री ह्वोरोस्तोव्स्की मुख्य पारितोषिक घेऊन गेला, आणि वेल्सच्या ब्रिन टेरफेलला गीतगायनाचं पारितोषिक मिळालं. दोघंही विशीत, दोघंही पुढे मोठे झाले.

त्या बारीक अंगकाठीच्या मुलीनं शेवटी एक जर्मन गाणं म्हटलं, अगदी हळू. पहिल्या आरियात तोंड दोन बोटं उघडत होतं, इथे ओठ जेमतेम हलत होते. पियानोचं झाकणही कुणीतरी मधल्या वेळात अर्ध्यावर आणलं होतं. खांबाआडून आम्हाला ती अधूनमधूनच दिसत होती. शेवटच्या शब्दातलं 'त' हे व्यंजन मात्र स्पष्ट ऐकू आलं, आणि मावशीनं परत एकदा छताकडे बघून स्पीकर शोधला.