पोलिसांचे प्राणघातक बळ (अमेरिका)

अटक करताना, पळणाऱ्या संशयिताला रोखताना किंवा स्वतःचा वा इतरांचा बचाव करताना पोलिसांनी वापरलेले असे बळ, की ज्यामुळे मृत्यू किंवा गंभीर इजा होण्याचा संभव असतो. व्यवहारात ते बहुतेक वेळा पिस्तुलाच्या गोळीच्या रूपात दिसते. मात्र गळा आवळून धरणे, पालथ्या माणसाच्या पाठीवर वजन टाकणे, डोक्यावर दंडुका मारणे, धावत्या गाडीला मुद्दाम धडक देणे हेही याच सदरात मोडते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हा विषय वांशिक पक्षपातापासून वेगळा काढता येत नाही. त्यामुळे या नोंदीत मुख्यतः तेथील कायदा, तंत्र आणि आकडेवारीचा वाद यांचा विचार केला आहे.

उगम : पळणाऱ्या गुन्हेगाराला ठार मारण्याची मुभा इंग्लिश कॉमन लॉमधून (रूढी व न्यायालयीन निवाड्यांतून घडलेल्या कायद्यातून) आली. ‘फेलनी’ म्हणजे गंभीर गुन्ह्यांच्या वर्गातल्या जवळजवळ प्रत्येक गुन्ह्याला तेव्हा देहदंड होता. पळताना मेला काय आणि फासावर गेला काय, शेवट एकच, असा त्यामागचा हिशेब. सतराव्या-अठराव्या शतकांतील इंग्लिश ग्रंथकारांनी हा नियम नोंदवला आहे. प्रथा बहुधा त्याहून बरीच जुनी असावी. अमेरिकेत पुढे दोन गोष्टी उलट दिशांना गेल्या. देहदंडाचे गुन्हे घटत गेले आणि फेलनींची यादी वाढत गेली. नियम मात्र जागचा हलला नाही. शिवाय मूळ नियम हातघाईच्या काळातला होता. पोलिसांच्या कमरेला पिस्तूल सर्रास दिसू लागले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्यामुळे चार हातांवरून झटापटीत वापरायची मुभा आता तीस पावलांवरून पाठीत गोळी घालण्यापर्यंत ताणली गेली.

खुद्द पोलीस दलाच्या उगमाविषयी मतभेद आहेत. एका मतानुसार अमेरिकी पोलीस ही गुलामांवर पाळत ठेवणाऱ्या गस्ती पथकांची पुढची आवृत्ती होय. दक्षिण कॅरोलायनात अशा पथकांसाठी १७०४ मध्ये कायदा झाला. पास नसलेल्या गुलामाला अडवणे, झोपड्यांची झडती घेणे, फटके मारणे ही त्यांची कामे. दुसऱ्या मतानुसार शहरांतील रात्रपहारा आणि १८२९ मध्ये उभे राहिलेले लंडनचे महानगर पोलीस दल हे खरे पूर्वज. दोन्ही मतांत तथ्य आहे, पण वेगवेगळ्या भूभागांपुरते. चार्ल्सटनसारख्या दक्षिणी शहरांत गस्ती पथकांचा वारसा नाकारणे अवघड आहे. बॉस्टन (१८३८) व न्यूयॉर्क (१८४५) येथे लंडनचा साचा अधिक जुळतो. साऱ्या देशाला एकच मूळ चिकटवण्याचा आग्रह पुराव्यापेक्षा सोयीवर उभा आहे. मात्र कायद्याची एक धार याहूनही जुनी आहे. व्हर्जिनियाच्या १६६९ च्या कायद्याने, शिक्षेला विरोध करणारा गुलाम मारहाणीत मेला तर मालकावर फेलनीचा आरोप ठेवता येणार नाही, असे ठरवून टाकले होते. विरोध केला म्हणून मृत्यू क्षम्य, ही कल्पना पोलीस दलांच्या जन्माआधी कायद्यात लिहिली गेली होती.

कायदा : आजच्या नियमांचा पाया दोन निवाड्यांत आहे. ३ ऑक्टोबर १९७४ रोजी रात्री पावणेअकराच्या सुमारास मेंफिस शहरात घरफोडीच्या खबरीवरून दोन पोलीस पोहोचले. मागच्या अंगणातून पळणारा मुलगा सहा फुटी जाळीच्या कुंपणापाशी थबकला. बॅटरीच्या उजेडात त्याचा चेहरा आणि हात दिसले. तो निःशस्त्र असल्याची आपली बऱ्यापैकी खात्री होती, असे पोलिसाने नंतर साक्षीत सांगितले. मुलगा कुंपणावर चढू लागताच त्याने डोक्यात मागून गोळी घातली. गार्नर या कृष्णवर्णीय मुलाचे वय १५. त्याच्यापाशी दहा डॉलर आणि एक पर्स सापडली. टेनेसीच्या कायद्यानुसार हे योग्यच होते. ‘टेनेसी विरुद्ध गार्नर’ (२७ मार्च १९८५) खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ती मुभा काढून घेतली. पळणारा माणूस पोलिसांना वा इतरांना ठार करील किंवा गंभीर इजा करील असे मानायला सबळ कारण असेल, तरच गोळी. आणि शक्य असेल तेथे आधी इशारा.

दुसरा निवाडा ‘ग्रॅहम विरुद्ध कॉनर’ (१९८९). यात गोळी झाडली गेलीच नव्हती. शार्लट शहरातील एका मधुमेही कृष्णवर्णीय माणसाला साखर उतरल्याचे जाणवले. संत्र्याचा रस घ्यायला तो दुकानात शिरला, लांबलचक रांग पाहून घाईने बाहेर पडला आणि त्या घाईवरूनच पोलिसाला संशय आला. हातकड्या घालून त्याला गाडीच्या बॉनेटवर आपटले, मित्राने आणलेला रस त्याला घेऊ दिला नाही. पायाचे हाड मोडले. दुकानात काहीच घडले नव्हते. न्यायालयाने कसोटी घालून दिली ती ‘वस्तुनिष्ठ वाजवीपणा’ची : गुन्हा किती गंभीर, धोका तत्काळ आहे का, माणूस प्रतिकार करतो आहे किंवा पळतो आहे का. हे सारे घटनास्थळीच्या वाजवी पोलिसाच्या नजरेतून पाहायचे, मागाहून सुचलेल्या शहाणपणातून नव्हे. पोलिसाच्या मनातला हेतू, मग तो वंशद्वेषाचा का असेना, या कसोटीत मोजला जात नाही. कायदा आणि पक्षपात यांची ताटातूट होते ती नेमकी येथे.

१९९६ च्या ‘रेन’ निवाड्याने हीच बाब रस्त्यावरील अडवणुकीला लागू केली. वाहतुकीचा एखादा बारीकसा नियम मोडलेला असला, की गाडी थांबवण्यामागचा खरा हेतू विचारला जात नाही. मागचा दिवा फुटलेला असणे पुरते.

वाजवीपणा कोणत्या क्षणापासून मोजायचा, हा प्रश्न दीर्घकाळ लोंबकळत राहिला. काही संघराज्यीय अपील न्यायालये फक्त गोळीआधीचे दोन-चार सेकंद पाहत. पोलीस स्वतःच धोक्यात कसा जाऊन उभा राहिला ते विचारात घेत नसत. ह्यूस्टनमध्ये २०१६ साली टोल थकवल्याच्या नोंदीवरून अडवलेली मोटार पुढे सरकताच पोलिसाने तिच्या पायरीवर उडी मारली आणि आत दोन गोळ्या झाडल्या. ‘बार्न्स विरुद्ध फेलिक्स’ (१५ मे २०२५) या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘धोक्याच्या क्षणा’चा हा आखूड नियम एकमताने फेटाळला. पोलिसाने धोका स्वतःच ओढवून घेतला असेल तर काय, याचे उत्तर मात्र दिले नाही.

तंत्र आणि चुका : गोळी धडाच्या मध्यावर मारायला शिकवतात. पायावर का नाही, असा प्रश्न नेहमी येतो. हलता पाय चुकतो, चुकलेली गोळी मागच्या कोणाला लागते, आणि मांडीतली धमनी फुटली तर माणूस काही मिनिटांत जातो. एकाने गोळी झाडली की दुसऱ्याला ती समोरून आल्यासारखी वाटते. ४ फेब्रुवारी १९९९ रोजी न्यूयॉर्कमध्ये चार पोलिसांनी आपल्या दारात उभ्या असलेल्या निःशस्त्र पश्चिम आफ्रिकी स्थलांतरितावर ४१ गोळ्या झाडल्या, १९ लागल्या. त्याच्या हातात पैशाचे पाकीट होते.

चाकूधाऱ्यापासून ‘२१ फुटां’चे अंतर हा नियम म्हणून सांगितला जातो. सॉल्ट लेक सिटीतील एका प्रशिक्षकाने १९८३ मध्ये तो मांडला तो केवळ एक सराव म्हणून. साधारण दीड सेकंदात माणूस २१ फूट धावतो आणि तेवढ्याच वेळात पोलीस पिस्तूल उपसून दोनदा झाडतो. त्यातून खरे तर ‘मागे सरा, आडोसा घ्या’ हा धडा निघतो. पोलीस दलांनी मात्र ‘तेवढ्या अंतरात गोळी चालते’ असा अर्थ काढला.

टेझर (विजेचा झटका देणारे शस्त्र) बहुधा पिवळ्या रंगाचा असतो आणि तो पिस्तुलाच्या विरुद्ध बाजूला लावायचा असतो. तरीही मिनियापोलिसजवळ ११ एप्रिल २०२१ रोजी २६ वर्षे नोकरी झालेल्या अधिकारी बाईंनी ‘टेझर’ असे ओरडत पिस्तूल झाडले. मूठ धरून चाप ओढण्याची क्रिया दोन्हींत एकच असल्याने दडपणाखाली हात सवयीच्या बाजूला जातो.

पालथे पाडून दाबणे हे गोळीइतकेच घातक ठरू शकते. छातीचा पिंजरा फुलत नाही, पोट वर ढकलले जाऊन छाती व पोट यांमधल्या श्वासपटलाला जागा उरत नाही. त्यात धावून वा झटापट करून आलेल्या शरीराला नेहमीपेक्षा जास्त श्वास हवा असतो. हवेसाठीची ती तडफड पोलिसाला प्रतिकार वाटते आणि तो आणखी वजन टाकतो. ‘बोलतोय म्हणजे श्वास चालू आहे’ ही समजूत चुकीची आहे. शब्द फुटायला फार थोडी हवा पुरते. हातकडी पडताच माणसाला पोटावरून उठवा, अशी सूचना संघराज्याच्या न्याय विभागाने १९९५ सालीच प्रसृत केली होती. २५ मे २०२० रोजी मिनियापोलिसमध्ये वीस डॉलरच्या खोट्या नोटेच्या संशयावरून पकडलेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर पोलिसाचा गुडघा होता. आरंभी हा काळ ८ मिनिटे ४६ सेकंद सांगितला गेला. खटल्यात तो ९ मिनिटे २९ सेकंद ठरला. पोलिसांच्या पहिल्या निवेदनात घटनेचे वर्णन ‘वैद्यकीय प्रसंग’ असे होते. अशा मृत्यूंवर लावले जाणारे ‘उत्तेजित संभ्रम’ (माणूस अतिउत्तेजित होऊन भ्रमात मेला, असे) हे निदान अमेरिकी वैद्यक संघटनेने २०२१ मध्ये नाकारले.

आकडेवारी : मृतांची विश्वासार्ह सरकारी मोजणीच दीर्घकाळ नव्हती. १९८० ते २०१८ या काळात पोलिसी हिंसेने सुमारे ३०,८०० मृत्यू झाले आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक सरकारी मृत्युनोंदीत दुसऱ्याच कारणाखाली गेले, असा अंदाज २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. वॉशिंग्टन पोस्ट या वृत्तपत्राने २०१५ ते २०२४ या काळात केलेल्या मोजणीत गोळीबाराचे बळी दरवर्षी हजाराच्या आसपास होते. संख्येने गोरे अधिक. लोकसंख्येच्या प्रमाणात कृष्णवर्णीयांचा दर गोऱ्यांच्या दुपटीहून जास्त.

खरा वाद छेदाचा आहे. भागायचे कशाने? लोकसंख्येने, की पोलिसांनी अडवलेल्यांच्या संख्येने? अर्थतज्ज्ञ रोलंड फ्रायर यांनी (२०१६, प्रकाशन २०१९) दुसरा मार्ग घेतला. धक्काबुक्की, हातकड्या यांत त्यांना मोठी वांशिक तफावत दिसली, गोळीबारात दिसली नाही. नॉक्स, लोव व मुमोलो यांनी २०२० मध्ये घेतलेला आक्षेप आकड्यांनी नीट समजतो. समजा, गंभीर कारणासाठी दोन्ही वंशांचे प्रत्येकी १,००० लोक अडवले आणि दोन्हीकडे १० वेळा गोळी झाडली. दर १ टक्का. आता पक्षपातापोटी आणखी १,००० कृष्णवर्णीय क्षुल्लक कारणांवरून अडवले आणि त्यांतील दोघांवर गोळी चालली. एकूण २,००० मध्ये १२, म्हणजे ०.६ टक्के. बळी वाढले आणि दर मात्र गोऱ्यांपेक्षा कमी दिसू लागला. हा आक्षेप अद्याप पुरता खोडून निघालेला नाही. गोळीबारात कृष्णवर्णीयांविरुद्ध तफावत नाही असे सांगणारे आणखी एक संशोधन (२०१९) लेखकांनी स्वतःच २०२० मध्ये मागे घेतले. प्रयोगशाळेतील चित्रफितींच्या चाचण्यांचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. विद्यार्थी सशस्त्र कृष्णवर्णीयावर लवकर गोळी झाडतात असे मानसशास्त्रज्ञ कॉरेल यांना २००२ मध्ये दिसले. वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेन शहराच्या पोलिसांवरील एका चाचणीत नेमके उलट दिसले.

मिसूरी राज्यातील फर्ग्युसन शहराबाबत छेदाचा वाद फारसा उरत नाही. न्याय विभागाच्या मार्च २०१५ च्या अहवालानुसार तेथे ६७ टक्के लोक कृष्णवर्णीय होते. पण अडवलेल्या वाहनचालकांत ते ८५ टक्के आणि अटकेत ९३ टक्के. पोलिसी कुत्रा चावल्याच्या ज्या घटनांत वंश नोंदला होता, त्यांतील प्रत्येक बळी कृष्णवर्णीय होता.

उपाय : लेखी नियम कडक केल्याचा परिणाम सर्वांत स्पष्ट दिसतो. न्यूयॉर्कने १९७२ मध्ये पळणाऱ्यावर व धावत्या मोटारीवर गोळी झाडण्यास मर्यादा घातली आणि प्रत्येक गोळीची चौकशी सक्तीची केली. जेम्स फाइफ यांच्या अभ्यासात गोळीबार सुमारे ३० टक्क्यांनी घटलेला आढळला. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२० पासून ‘वाजवी’ऐवजी ‘आवश्यक’ ही कसोटी आणली. १९९४ च्या कायद्याने संघराज्याला एखाद्या पोलीस दलावर न्यायालयीन देखरेख आणता येते. मिनियापोलिस व लुइव्हिल येथील असे प्रस्ताव मे २०२५ मध्ये मागे घेण्यात आले.

भारताशी संबंध : पळणाऱ्या गुन्हेगाराचा तोच इंग्लिश नियम भारतीय कायद्यातही उतरला. देहदंड वा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नसलेल्याला अटक करताना ठार मारता येत नाही, हे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४६(३) आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ मध्ये आहे. १९९५ ते १९९७ दरम्यान मुंबईत झालेल्या ९९ चकमकी आणि त्यांतील सुमारे १३५ मृत्यूंवरून उभ्या राहिलेल्या ‘पीयूसीएल (पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही नागरी हक्क संघटना) विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी १६ निर्देश दिले. त्यांनुसार प्रत्येक चकमकमृत्यूचा एफआयआर नोंदवावा लागतो, तपास सीआयडी किंवा दुसऱ्या ठाण्याचे पथक करते, दंडाधिकारी चौकशी होते, शस्त्रे न्यायवैद्यक तपासणीसाठी जमा करावी लागतात आणि चकमकीनंतर लगेच बढती किंवा शौर्यपदक देता येत नाही.