लाजरेपणा आणि माणसांची ओढ यांच्यातला १०७ अंशांचा कोन

मुलांच्या बोटांचे ठसे घेऊन त्यांचा ‘उपजत स्वभाव’ सांगणारे अहवाल गेली काही वर्षे ठाण्यात आणि नवी मुंबईत बरेच खपत आहेत. घोडबंदर रस्त्यावर राहणाऱ्या एका परिचितांनी असाच एक अहवाल वाचायला दिला. त्यात त्यांच्या शाळकरी मुलीचे वर्णन एकाच परिच्छेदात ‘शाय’, ‘इंट्रोव्हर्ट’, ‘मूडी’ आणि ‘अँटिसोशल’ असे केले होते, जणू ही चारही एकाच दुखण्याची नावे असावीत. बोटांवरच्या रेषा गर्भावस्थेतच घडतात हे खरे, पण त्यांवरून स्वभाव ओळखता येतो याला विश्वासार्ह पुरावा नाही. हस्तसामुद्रिकाला संगणकाचा छापखाना जोडल्याने ते विज्ञान होत नाही. या शब्दांची सरमिसळ मात्र असले अहवाल न घेणारेही सर्रास करतात, म्हणून तिच्याकडे नीट पाहायला हवे.

‘अँटिसोशल’ प्रथम बाजूला काढू. मानसोपचारशास्त्रात हा शब्द इतरांच्या हक्कांची सतत पायमल्ली करणाऱ्या, फसवणूक करूनही खंत न वाटणाऱ्या व्यक्तिमत्त्वासाठी राखून ठेवलेला आहे आणि वयाची १८ वर्षे पूर्ण होण्यापूर्वी ते निदान करताच येत नाही. पाहुणे आल्यावर आतल्या खोलीत जाऊन बसणाऱ्या मुलीशी त्याचा काहीही संबंध नाही.

उरलेल्या शब्दांसाठी थोडे गणित लागते. गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९३६ मध्ये इंग्रजी शब्दकोश चाळून माणसामाणसांतला फरक सांगणारे १७,९५३ शब्द वेगळे काढले. त्यांपैकी ४,५०४ शब्द त्यांनी स्थायी स्वभावाच्या गटात आणि ४,५४१ शब्द तात्पुरत्या मनःस्थितीच्या गटात ठेवले. पण एका गटातले दोन शब्द एकच गोष्ट सांगतात की वेगवेगळ्या, हे शब्दकोशावरून ठरत नाही. त्यासाठी अनेक लोकांना ते वर्णन आपल्याला कितपत लागू पडते असे विचारून उत्तरांचा सहसंबंध काढावा लागतो. दोन उत्तरे कायम बरोबरीने वाढत असतील तर सहसंबंधाचा आकडा +१ येतो, एक वाढल्यावर दुसरे तितकेच नेमाने घटत असेल तर −१, आणि परस्परांशी काही देणेघेणे नसेल तर शून्य.

या आकड्याची एक सुंदर बाजू फारशी सांगितली जात नाही. प्रत्येक वर्णनाला एक बाण मानले, तर सहसंबंध म्हणजे दोन बाणांमधल्या कोनाची कोसाइन, म्हणजे त्रिकोणमितीतले ते गुणोत्तर जे ० अंशांना १, काटकोनाला शून्य आणि १८० अंशांना −१ असते. समानार्थी शब्दांचे बाण एकाच दिशेला, विरुद्धार्थी शब्दांचे १८० अंशांवर आणि असंबद्ध शब्दांचे काटकोनात. जोनाथन चीक आणि अरनॉल्ड बस या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये लाजरेपणा आणि माणसांत राहण्याची ओढ, म्हणजे ‘शायनेस’ आणि ‘सोशिएबिलिटी’, यांच्यासाठी स्वतंत्र प्रश्नावल्या वापरल्या, तेव्हा सहसंबंध सुमारे −०.३० आला. ज्याची कोसाइन −०.३० आहे असा कोन १०७ अंशांचा असतो, म्हणजे १८० अंशांपेक्षा काटकोनाच्या कितीतरी जवळ. त्या आकड्याचा वर्ग ०.०९, म्हणून एका गुणात माणसामाणसांत जो फरक दिसतो त्यातला दुसऱ्या गुणाशी जुळणारा वाटा अवघा ९ टक्के भरतो.

बाण जवळपास काटकोनात असले की चार प्रकारची माणसे संभवतात: लाजरी किंवा न लाजणारी, आणि त्या प्रत्येकात ओढ असलेली किंवा नसलेली. दिवाळी पहाटेला ठाण्यात राम मारुती रस्त्यावर आणि तलावपाळीवर तरुणांची जी गर्दी लोटते, तिच्यात हौसेने नटून येणारा पण ओळखीच्या घोळक्याच्या कडेला गप्प उभा राहणारा मुलगा लाजराही असतो आणि त्याला माणसांची ओढही असते. त्याच वेळी घरी निवांत वाचत बसलेल्या एखादीला गर्दीची भीती मुळीच वाटत नाही, तिला गर्दीत गंमत वाटत नाही एवढेच. चीक आणि बस यांनी चारही प्रकारच्या विद्यार्थिनींच्या जोड्या लावून त्यांचे वागणे टिपले. त्यांत सर्वाधिक अवघडलेपण लाजऱ्या पण ओढ असलेल्या जोड्यांत दिसले: बोलणे कमी, नजर वळवणे जास्त, स्वतःच्याच अंगाशी हातांनी चाळा जास्त. लाजरेपणा हा एकलकोंडेपणाचाच सौम्य प्रकार असता, तर हे अवघडलेपण ओढ नसलेल्या लाजऱ्यांमध्ये अधिक दिसायला हवे होते. स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये रुळवलेला ‘इंट्रोव्हर्ट’, म्हणजे अंतर्मुख, हा शब्द तर याहून ऐसपैस आहे, कारण आज त्याच्या मोजमापात माणसांच्या ओढीबरोबर बोलकेपणा, पुढाकार आणि उत्साह हेही धरले जातात.

राहिला ‘मूडी’. मनःस्थितीच्या शब्दांतही असाच काटकोन सापडतो. डेव्हिड वॉटसन, ली अ‍ॅना क्लार्क आणि ऑक तेलेगन या मानसशास्त्रज्ञांनी १९८८ मध्ये २० शब्दांची एक मोजपट्टी तयार केली. तिच्यात उत्साही, सजग यांसारखे दहा शब्द एका अक्षावर आहेत आणि बेचैन, चिडखोर, घाबरलेला यांसारखे दहा दुसऱ्यावर. ‘आनंदी’ आणि ‘दुःखी’ हे शब्द तिच्यात मुळी नाहीतच. पहिल्या अक्षाच्या तळाशी मरगळ असते, तर दुसऱ्याच्या तळाशी शांतता. त्यामुळे बेचैनी ओसरली म्हणजे उत्साह परतलाच असे धरता येत नाही. वॉटसन आणि क्लार्क यांच्या पुढच्या मांडणीनुसार चिंता आणि नैराश्य या दोहोंत दुसरा अक्ष वर चढलेला असतो, पण पहिला अक्ष खाली घसरणे ही विशेषतः नैराश्याची खूण आहे. नैराश्याच्या निदानासाठी किमान दोन आठवडे टिकलेली उदासी किंवा आवडत्या गोष्टींतला आटलेला रस, यांपैकी एक तरी लक्षण आवश्यक मानले जाते, आणि म्हणून डॉक्टर रुग्णाला या दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे विचारतात.