आंबलेली मिरची नासलेली नसते

मे महिन्याच्या अखेरीस, पावसाळ्याची बेगमी करताना, आमच्या वेंगुर्ल्यातील शेजारच्या काकूंनी पिकलेल्या ओल्या लाल मिरच्यांचा ठेचा मिठात कालवून चिनीमातीच्या बरणीत भरला होता. तिसऱ्या दिवशी त्यांनी दादरा सोडला, तेव्हा ठेचा बोटभर वर आलेला होता, कडेने फेस जमला होता आणि आंबूस वास सुटला होता. बरणी नासली असे समजून त्यांनी किलोभर मिरची माडाच्या अळ्यात ओतली. मला फार हळहळ वाटली, कारण ती मिरची नेमकी जशी व्हायला हवी तशीच होत होती. भाजी आंबली की आपण ती टाकतो आणि पीठ आंबले की आनंदाने आंबोळ्या घालतो. क्रियापद एकच असले तरी मिरचीच्या बाबतीत आपल्याला त्याचा फक्त पहिला अर्थ आठवतो.

याचे एक कारण आपल्या खारवण्याच्या पद्धतीत आहे. खारातल्या कैऱ्या किंवा फणसाचे गरे आपण इतक्या मिठात ठेवतो की त्यात बहुतेक जिवाणूंची वाढच खुंटते, आणि म्हणून त्या बरणीत फेस दिसला तर काळजी वाटणे रास्त आहे. मिरचीचा आंबवलेला सॉस करताना मात्र मिठाचे काम जिवाणूंना थोपवण्याचे नसून त्यांच्यातून निवड करण्याचे असते. एक किलो मिरचीला ३० ग्रॅम मीठ घातले, तर कुजवणारे बरेचसे जिवाणू मंदावतात आणि मिरचीच्या सालीवर मुळातच असलेले, मीठ सोसणारे, लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू पुढे सरसावतात. हे मीठ वजन करूनच घ्यावे, कारण जाड्या मिठाची मूठ आणि बारीक मिठाची मूठ यांच्या वजनात बराच फरक पडतो.

काकूंनी पाहिलेला फेस हे बहुधा ल्युकोनोस्टॉक या जिवाणूचे काम असावे. इडलीच्या आंबणाऱ्या पिठातही हाच प्रामुख्याने सापडतो. तो साखरेपासून लॅक्टिक आम्लाबरोबर कार्बन डायऑक्साइडही तयार करतो. तो वायू बरणीतील हवा बाहेर ढकलतो आणि प्राणवायूवर जगणाऱ्या बुरशीची वाट अडवतो. आम्ल वाढले की ल्युकोनोस्टॉक स्वतःच मागे पडतो आणि लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरम ताबा घेतो, जो फारसा वायू न सोडता आम्ल वाढवत राहतो. कोकणातल्या उकाड्यात हा पालट काही दिवसांतच होतो, थंड प्रदेशात त्याला आठवडे लागतात.

आम्लामुळे जिवाणू मरतात असे आपण सहज म्हणतो, पण ते कसे मरतात हा मला या साऱ्या प्रक्रियेतला सर्वांत देखणा भाग वाटतो. लॅक्टिक आम्लाचा रेणू पाण्यात दोन रूपांत असतो: हायड्रोजनचा आयन धरून असलेला अखंड रेणू आणि तो आयन सोडून विद्युतभारित झालेला रेणू. जिवाणूचे पटल स्निग्ध असल्यामुळे भारित रेणूला ते सहसा आत येऊ देत नाही, अखंड रेणू मात्र त्यातून सरळ पार होतो. आत सामू, म्हणजेच पीएच, उदासीनाच्या जवळपास असल्याने तिथे पोहोचताच तो आपला हायड्रोजन आयन सोडतो. असे आयन साचू लागले की ते बाहेर फेकण्यासाठी पेशी आपली ऊर्जा खर्च करत राहते आणि अखेरीस थकून मरते. आता मुद्दा असा की अखंड रेणूंचे प्रमाण बाहेरच्या सामूवर ठरते. सामू ५.५ असताना लॅक्टिक आम्लाच्या शंभर रेणूंपैकी जेमतेम २ अखंड असतात, ३.८६ ला बरोबर निम्मे. म्हणजे सामू उतरतो तेव्हा आम्ल वाढते आणि त्याचबरोबर त्याच आम्लाची मारकशक्तीही वाढते. शिर्क्यातील ॲसेटिक आम्ल तर याहून प्रभावी आहे: सामू ३.८ असताना त्याचे सुमारे ९० टक्के रेणू अखंड असतात. म्हणूनच शेवटी सॉसमध्ये थोडा माडीचा शिर्का घालणे हा केवळ चवीचा भाग नाही.

बरणीला विटाळ लागला म्हणून मिरची नासली, असे त्या दिवशी आणखी एकीने सुचवले. पाळी आलेल्या बाईच्या हातात आणि इतर कोणाच्याही हातात जिवाणूंच्या दृष्टीने काहीही फरक नसतो. बरणी बिघडते ती ओल्या चमच्याने, कमी मिठाने आणि ठेचा वर उघडा राहिल्याने. हा समज सोडून द्यायलाच हवा. वर पातळ पांढरी साय धरली तर ती बहुधा यीस्टची असते आणि काढून टाकता येते. केसाळ, हिरवी किंवा काळी बुरशी दिसली तर मात्र सगळी बरणी टाकावी.

खरी भीती न दिसणाऱ्या गोष्टीची आहे. क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम या जिवाणूचे बीजाणू मातीत असतात, लसणाबरोबर बरणीत येऊ शकतात, उकळत्या पाण्यातही टिकतात आणि हवाबंद जागेत रुजून विष तयार करतात. सामू ४.६ च्या खाली गेला की ते रुजू शकत नाहीत. त्यामुळे बाटली भरण्यापूर्वी सामू मोजणे अनिवार्य आहे, आणि चव पाहून त्याचा अंदाज बांधता येत नाही. मिरचीच्या लाल रंगामुळे कागदी पट्टी नीट वाचता येत नाही, म्हणून मी छोटा डिजिटल मीटर वापरते आणि ४.० च्या खाली आकडा आल्याशिवाय पुढे जात नाही.

मग ठेचा वाटून गाळावा, शिर्का घालून ८५ अंश सेल्सिअसपर्यंत काही मिनिटे तापवावा आणि उकळून घेतलेल्या काचेच्या गरम बाटल्यांत गरम असतानाच भरावा. यात जिवाणू मरतात, त्यामुळे अशा बाटलीवर ‘प्रोबायोटिक’ लिहिणे खोटे ठरते. न तापवता भरायचा असेल तर तो फ्रिजमध्येच ठेवावा. माझ्या पहिल्या खेपेची एक बाटली कपाटात राहिली होती. उरलेल्या साखरेवर यीस्टने काम चालू ठेवले आणि एका दुपारी तिचे झाकण उडून भिंतीवर छतापर्यंत लाल शिंतोडे गेले. तेव्हापासून प्रत्येक बाटलीच्या गळ्याला मी चिठ्ठी बांधते: भरल्याची तारीख, मिठाचे वजन आणि त्या दिवशीचा सामू.