कुंडातले पाणी तापते कुठे?

डिसेंबरच्या सुट्टीत गोव्यातून कितीतरी गाड्या महामार्ग ६६ धरून रत्नागिरीकडे जातात. त्यांतल्या काही राजापूरजवळ उन्हाळे गावच्या कुंडावर थांबतात. गरम पाण्यात पाय सोडले की मुले विचारतात, हे तापते कशाने? मोठ्यांचे उत्तर ठरलेले असते: ‘खाली गंधक आहे ना!’ पिढ्यान्पिढ्या चालत आलेले हे उत्तर चुकीचे आहे, आणि त्यामागे दडलेले खरे उत्तर फार सुंदर आहे.

गंधकाने उष्णता द्यायची तर ते जळायला हवे आणि जळायला प्राणवायू हवा. पाण्याने भरलेल्या खडकात तो येणार कुठून? शुद्ध गंधकाला तर जवळजवळ वासही नसतो. काही कुंडांवर सडक्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइड वायूचा. पाणी खोल जाऊन तापते, खडकातली गंधकाची खनिजे विरघळवते, आणि त्यातून हा वायू तयार होतो. म्हणजे उष्णता आधी, वास नंतर. अशा कुंडात उतरताना चांदीचे पैंजण काढून ठेवावेत. या वायूमुळे चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर चढतो.

दुसरे उत्तर ज्वालामुखीचे. सह्याद्रीचा काळा कातळ लाव्हाचाच, हे खरे. पण तो लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ओतला गेला. त्याची धग केव्हाच विझली.

जमिनीत खोल जावे तसे तापमान वाढते, साधारणपणे दर किलोमीटरला २५ ते ३० अंश सेल्सियस. पृथ्वीच्या जन्मापासून पोटात उरलेली उष्णता आणि युरेनियम, थोरियम, पोटॅशियम यांच्या किरणोत्सारातून सतत निर्माण होणारी उष्णता ही त्याची कारणे. पावसाचे पाणी कातळाच्या भेगांतून खाली उतरते, तापते, हलके होते. डोंगरावर मुरलेल्या पाण्याचा दाब त्याला मागून रेटतो आणि एखाद्या सरळ, खोल भेगेतून ते वर येते. पालघर जिल्ह्यातल्या सातिवलीपासून राजापूरपर्यंतची गरम कुंडे किनाऱ्याला समांतर अशा पट्ट्यात आहेत, ती अशा भेगांमुळेच. हिशेब घरीही मांडता येतो. राजापूरचे पाणी ४२ अंशांच्या आसपास असते आणि जमिनीत मुरताना ते साधारण २७ अंश असते. ही १५ अंशांची वाढ मिळवायला किमान अर्धा किलोमीटर खाली जावे लागते. दापोलीकडच्या उन्हवऱ्याचे पाणी ७० अंशांच्या घरात, म्हणजे खोली दीड किलोमीटर तरी हवी. प्रत्यक्षात ती जास्तच असणार, कारण वर येताना पाणी थोडे निवते आणि वाटेत थंड भूजलही मिसळते.

आता गोव्याकडे वळू. वेर्ण्याजवळचा केसरव्हाळ, पोंबुर्फ्याचा झर, साळगावचा सालमोना इथे न्हायला जाणारी मंडळी हिवाळ्यात पहाटे पाणी कोमट लागले की ‘हाही गरम झराच’ म्हणतात. तसे नाही. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, पडलेला पाऊस जांभ्या दगडाच्या छिद्रांतून झिरपतो, खालच्या चिकणमातीच्या थराला अडतो आणि सड्याच्या पायथ्याशी बाहेर पडतो. इतक्या उथळ प्रवासात पाणी तापत नाही. ते वर्षभर हवेच्या वार्षिक सरासरी तापमानाजवळच राहते. बदलते ती बाहेरची हवा, म्हणून तेच पाणी जानेवारीत उबदार आणि मे महिन्यात गार लागते. दोन्ही वेळा तापमापक बुडवून पाहा, फरक अगदी किरकोळ निघेल. त्यासाठी तापाचा तापमापक नको, तो साधारण ३५ ते ४२ अंशच मोजतो. स्वयंपाकासाठी मिळणारा सळईचा डिजिटल तापमापक घ्यावा.

गरम झरा आणि गायझर, म्हणजे ठरावीक वेळाने उसळणारा उकळत्या पाण्याचा फवारा, यांत उष्णतेपेक्षाही मोठा फरक नळीचा आहे. झऱ्याची वाट मोकळी असते. खालचे गरम पाणी वर येते, निवते, वाहून जाते. गायझरची वाट चिंचोळी असते. अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानातल्या ओल्ड फेथफुलच्या विवरात १९९०च्या दशकात कॅमेरा सोडला गेला, तेव्हा सुमारे ७ मीटर खोलीवर वाट जेमतेम १० सेंटीमीटर रुंद असल्याचे दिसले. अशा नळीत पाणी खालीवर फिरून उष्णता वाटून घेऊ शकत नाही. तळचे पाणी तळाशीच तापत राहते.

आणि ते १०० अंशांना उकळतही नाही. आपल्या प्रेशर कुकरमध्ये दाब हवेच्या दुप्पट झाला की पाणी १२० अंशांपर्यंत तापून मगच उकळते. गायझरमध्ये हे झाकणाचे काम वरचे पाणी करते. दर १० मीटर पाण्याने दाब सुमारे एका वातावरणाने, म्हणजे समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाइतका, वाढतो. समुद्रसपाटीवरचा गायझर धरला, तर २० मीटर खोलीवर एक वातावरण हवेचे आणि दोन पाण्याचे मिळून तीन वातावरणांचा दाब होतो. तिथे उकळबिंदू १३३ अंश. ३० मीटरवर तो १४४ अंशांपर्यंत जातो. तळातले पाणी असे उकळीच्या काठावर येऊन थांबते. मग एखाद्या पोकळीत साठलेल्या वाफेचा मोठा बुडबुडा सुटतो आणि वरचे थोडे पाणी तोंडातून बाहेर सांडते. हे सांडणेच निर्णायक. वरचे दोन-तीन मीटर पाणी कमी झाले की खालचा दाब उतरतो, आणि जे पाणी क्षणापूर्वी उकळीच्या जरा खाली होते ते आता उकळीच्या वर असते.

पुढचा हिशेब मुद्दाम सावकाश करू, कारण सगळा चमत्कार त्यातच आहे. १३३ अंशांचे एक लिटर पाणी एकदम मोकळ्या हवेच्या दाबाखाली आले, तर त्याला १०० अंशांवर यावे लागते. जास्तीच्या ३३ अंशांतून साधारण १४० किलोज्यूल उष्णता सुटते. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २२५७ किलोज्यूल लागतात, म्हणजे फक्त ६ टक्के पाण्याची, ६० ग्रॅमची वाफ होईल. ऐकायला क्षुल्लक वाटते. पण एक ग्रॅम वाफ त्या दाबाला सुमारे १.७ लिटर जागा व्यापते. ६० ग्रॅमची शंभर लिटर! एका लिटरच्या जागी शंभर लिटर, आणि बाहेर पडायला चिंचोळी वाट एकच. ही वाफ वरचे पाणी उचलून फेकते, त्याने दाब आणखी उतरतो आणि त्याखालचा थर उकळतो. पाणी वर उसळत असताना उकळीची लाट खाली सरकत जाते. नळीत पुरेसे तापलेले पाणी उरले नाही की फवारा थांबतो, आजूबाजूचे भूजल पुन्हा भरू लागते आणि चक्र नव्याने सुरू होते. रॉबर्ट बुन्सेन यांनी १८४६ मध्ये आइसलँडच्या ‘गेसिर’ या गायझरमध्ये खोलवर तापमान मोजून दाबाचे हे कोडे उलगडले होते.

ओल्ड फेथफुलच्या वेळेचा अंदाज याच चक्रावरून बांधतात. फवारा थोडक्यात, अडीच मिनिटांच्या आत आटोपला, तर नळीत गरम पाणी शिल्लक असते आणि पुढचा फवारा लवकर येतो. चार मिनिटे चालला तर दीड तास वाट पाहावी लागते.

ही नळी टिकायला खडकही तसा हवा. यलोस्टोनचा ऱ्हायोलाइट खडक सिलिकाने, म्हणजे वाळूच्या मुख्य घटकाने, भरलेला आहे. खोलवरचे अतितप्त पाणी सिलिका विरघळवते आणि वर निवताना भेगांच्या भिंतींवर ती थापते. त्या गिलाव्यामुळे नळी दाब सोसते, गळत नाही. भरपूर पाणी, वर्षानुवर्षे टिकणारी तीव्र उष्णता आणि अशी नळी हे तिन्ही एकत्र क्वचितच येते. जगभरात हजारेक गायझर आहेत आणि त्यांतले जवळजवळ निम्मे एकट्या यलोस्टोनमध्ये. कोकणात उष्णता अपुरी, गोव्यात तर पाणी खोल जातच नाही. हिमाचलातल्या मणिकरणला कापडात बांधलेला भात कुंडात शिजतो, पण वाट मोकळी असल्याने तिथेही फवाऱ्याचे चक्र नाही.

ठरावीक काळाने येणारे सगळेच पाणी गायझर नसते, हेही राजापूरलाच कळते. तिथली गंगा काही वर्षांच्या अंतराने प्रकटते आणि लुप्त होते. उष्णतेशिवायही हे घडू शकते. भूगर्भातली पोकळी वक्रनळीच्या, म्हणजे सायफनसारख्या वाकलेल्या वाटेच्या, उंचीपर्यंत भरली की पाणी सुटते आणि रिकामी झाली की थांबते. श्रद्धेने स्नान करणाऱ्याला हे कळल्याने काही तोटा नाही. मात्र कुंडाच्या पाण्याने सोरायसिस, मधुमेह बरा होतो असे सांगून औषधे बंद करायला लावणाऱ्यांपासून दूर राहावे. कोमट पाण्याने आखडलेले सांधे तात्पुरते मोकळे होतात, एवढे खरे.

कुंडात नाणी, नारळ, फुले टाकू नयेत. यलोस्टोनचे मॉर्निंग ग्लोरी हे निळेशार कुंड पर्यटकांच्या नाण्यांनी आणि कचऱ्याने तळाशी बुजत गेले. पाणी निवले, आणि कडेचे पिवळे-नारिंगी सूक्ष्मजीव आत सरकून त्याचा रंगच पालटला.

उतरण्याआधी तापमान मोजा. ४० ते ४२ अंशांत दहा-पंधरा मिनिटे पुरेत. गरोदर स्त्रिया आणि हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. ६० अंशांचे पाणी काही सेकंदांत भाजते, मुलांची पातळ कातडी त्याहून लवकर. कोमट गोड्या पाण्यात नेग्लेरिया फाउलेरी हा अमिबा असू शकतो. तो प्यायल्याने नव्हे, नाकातून शिरल्याने मेंदूपर्यंत पोचतो. संसर्ग दुर्मीळ, पण बहुधा जीवघेणा. म्हणून डुबकी नको, पाणी मानेपर्यंतच.

आइसलँडपर्यंत जाणे जमले तर स्ट्रोक्कुर हा गायझर पाहावा. तो दर सहा ते दहा मिनिटांनी उसळतो, म्हणून मुले कंटाळत नाहीत. वारा पाठीवर घेऊन दोरीबाहेर उभे राहायचे आणि कॅमेरा बाजूला ठेवून फक्त विवराच्या तोंडाकडे पाहायचे. आधी पाणी किंचित खालीवर होते. मग एकदम निळसर घुमट फुगतो, क्षणभर काचेसारखा अखंड दिसतो, आणि आतली पांढरी वाफ त्याला फोडून पंधरा-वीस मीटर वर जाते. तो घुमट म्हणजे खालून सुटलेला वाफेचा बुडबुडा. तो पाहायला जेमतेम एक सेकंद मिळतो.