देवगिरीवर गाणं शूट करायचंय? रॉक बँडसाठी परवानगी आणि कागदपत्रं

गाणं रेकॉर्ड झालं की बँडमधल्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर आधी किल्ला येतो. मग तारीख ठरते, कॅमेरावाल्याला बयाणा जातो आणि परवानगी उरते सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा करा. फ्रेममधली जागा कुणाच्या ताब्यात आहे, हे आधी शोधा. अर्ज कुठे करायचा ते त्यावरच ठरतं.

देवगिरी, बीबी का मकबरा, वेरूळ आणि अजिंठा ही केंद्र संरक्षित स्मारकं. इथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा चित्रीकरण परवाना लागतो. मोबाइलवर फोटो काढणं वेगळं आणि ड्रमसेट मांडून शूट करणं वेगळं. शुल्क आणि अनामत किती, ते अर्ज करताना चालू दर पाहूनच बजेटात धरा. प्राचीन स्मारकांच्या 1959 च्या नियमांतल्या अटी मात्र पटकथा लिहिण्याआधीच वाचायला हव्यात. छताखालच्या भागात चित्रीकरण करता येत नाही. म्हणजे देवगिरीची अंधारी (किल्ल्यातली काळोखी भुयारी वाट) किंवा वेरूळच्या लेण्यांचा आतला भाग तुमच्या स्टोरीबोर्डमध्ये नकोच. दगड चमकावा म्हणून पाणी किंवा तेल मारता येत नाही, जनरेटर वास्तूपासून लांब ठेवावा लागतो, पर्यटकांची वाट अडवता येत नाही. अटी कडक आहेत आणि असायलाच हव्यात; शेकडो वर्षांच्या दगडाला पडलेला ओरखडा एडिटिंगमध्ये पुसता येत नाही.

नळदुर्ग राज्य संरक्षित, त्यामुळे तिथला अर्ज राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे. पैठणला नाथसागराच्या काठी दुहेरी काम असतं: धरण जलसंपदा विभागाचं, तर जायकवाडी पक्षी अभयारण्य वन विभागाच्या अखत्यारीत. पहिलाच व्हिडिओ असेल तर मी शेत सुचवेन. हुरड्याच्या दिवसांतली ज्वारी कॅमेऱ्यात फार देखणी दिसते. शेतमालकाचं लेखी संमतीपत्र आणि सातबारा जवळ ठेवा, ग्रामपंचायतीला आणि पोलीस ठाण्याला पत्र द्या. स्पीकर लावणार असाल तर पोलिसांची परवानगी घ्या; उघड्यावर रात्री 10 ते सकाळी 6 तो बंदच ठेवावा लागतो.

बँडची कुठेच नोंदणी नसेल तर अर्ज एका सदस्याच्या नावाने करा आणि सगळीकडे सही त्याचीच असू द्या. सोबत त्याचं ओळखपत्र, गाण्याचे पूर्ण शब्द, दृश्यांचा थोडक्यात आराखडा, तारखा आणि वेळा, माणसांची, वाहनांची व उपकरणांची यादी जोडा. गाणं स्वतःचं नसेल तर गीतकार आणि संगीतकाराची लेखी परवानगी हवी. जनाबाईंचा किंवा नामदेवांचा अभंग घेतलात तर मूळ शब्दांवर कुणाचा कॉपीराइट नाही. पण कुणी अलीकडे बांधलेली चाल उचललीत तर तिच्यावर असतो.

व्हिडिओत 14 वर्षांखालचं मूल असेल तर निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी काढावी लागते. मुलाकडून दिवसात 5 तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग 3 तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. त्याच्या कमाईचा किमान 20 टक्के हिस्सा त्याच्याच नावे बँकेत मुदत ठेवीत ठेवावा लागतो. मित्राचाच मुलगा आहे म्हणून हे टाळू नका. बैलजोडीकडून काम करून घेणार असाल तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी शूटच्या आधी हवी.

ड्रोन 250 ग्रॅमपेक्षा जड असेल तर त्याला नोंदणी क्रमांक लागतो. उडवण्याआधी सरकारी नकाशात जागेचा रंग पाहा. चिकलठाणा विमानतळाजवळ मनाला येईल तसं उडवता येत नाही. हिरव्या, म्हणजे वेगळ्या परवानगीशिवाय उडवता येतं अशा क्षेत्रातही उंचीची मर्यादा साधारण 400 फुटांची. किल्ल्यावर ड्रोन न्यायचा असेल तर पुरातत्त्वच्या अर्जात त्याचा उल्लेख वेगळा करा.

व्हिडिओ फक्त यूट्यूबवर टाकणार असाल तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागत नाही. टीव्हीवर लावायचा असेल तर लागतं, आणि बैलजोडीच्या परवानगीचा कागद तिथे पुन्हा मागितला जातो.